बाबांचा आवाज आणि चार प्रोसेसर

बाबांचा आवाज जाणार हे ज्या आठवड्यात नक्की झालं, त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. त्यामुळे मी दवाखान्यात असले की जीव ऑफिसात, ऑफिसात असले की जीव दवाखान्यात, आणि स्कूटरवर असले की कुठेच नाही. तशी मी लहानपणापासून अशीच. जेवताना पाय हलवते म्हणून आईचे धपाटे खाल्लेत. पाय हलवला की घरात दारिद्र्य येतं म्हणे. दारिद्र्य काही आलं नाही, पण पायही थांबला नाही.

डॉक्टर तरुण होते आणि सरळ बोलणारे होते. गळ्यातली गाठ काढायची तर स्वरयंत्र सगळंच काढावं लागेल, म्हणाले. जीव वाचेल, आवाज जाईल. श्वास मानेला केलेल्या भोकातून घ्यायचा. नंतर काहींना एखादं यंत्र लावून बोलता येतं, पण तो आवाज यंत्राचा. बाबांनी सगळं मान हलवत ऐकलं आणि बाहेर आल्यावर आईला म्हणाले, "चल, आदी चा बघू कुठं मिलतो काय."

चहा मिळाला. मी तो तोंड भाजत दोन घोटांत संपवला आणि उभी राहिले. बाबा मात्र बशीत ओतून, फुंकर मारत, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. ज्याचा आवाज जाणार तो माणूस बशीत फुंकर मारत बसलाय आणि मी मात्र रिकामा कप हातात घेऊन उभी.

बाबांनी उभी हयात ट्रेलर चालवला. न्हावा शेव्याहून कंटेनर उचलायचा, यार्डात टाकायचा, परत फिरायचं. बंदराच्या रस्त्यावरच्या त्या हॉर्नच्या गदारोळात क्लीनरला ऐकू जावं म्हणून त्यांचा आवाज मोठा झाला होता, आणि मग तो घरीही तसाच राहिला. सुकापुरात आमच्या बैठ्या घराभोवती बिल्डिंगा उठल्या, नवी माणसं राहायला आली. बाबांनी अंगणातून कोंबड्यांना हाकललं की दुसऱ्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत येऊन भांडण कुठे लागलंय ते बघायच्या. भांडण नसायचंच. तो त्यांचा साधा आवाज होता, आणि आता तोच जाणार होता.

माझी नोकरी नवीन पनवेलमध्ये, एका मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत. सर आणि आम्ही दोघं-तिघं. आम्ही सॉफ्टवेअरची लायब्ररी बनवायचो. हे घरी समजावून सांगणं फार अवघड गेलं. बाबा कित्येक वर्षं नाक्यावर अभिमानाने सांगत, "आमची बाय लायब्ररीत हाय, पनवेलला." लोकांना वाटायचं मी पुस्तकं देते-घेते. एका काकांनी तर मला दिवाळी अंक आणायला सांगितला.

खरं तर आमची लायब्ररी स्वतःहून काहीच करत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी अ‍ॅपला आवाज रेकॉर्ड करायचा असला की ते अ‍ॅप आमच्या लायब्ररीला हाक मारतं, ती येते, काम करते आणि गप्प होते. आमच्या लायब्ररीची खासियत अशी की ती आवाजातल्या रिकाम्या जागा कापून टाकायची. माणूस बोलताना थांबतो, खोकतो, विचार करतो. ते सगळं वगळून फक्त बोललेलं ठेवायचं, म्हणजे फाइल लहान. "गप्प बसण्याला मेमरी कशाला द्यायची?" हे सरांचं आवडतं वाक्य. गिऱ्हाइकासमोर ते हे वाक्य बोलायचे आणि मग स्वतः थोडा वेळ गप्प बसायचे.

कॉम्प्युटरवर ही लायब्ररी सरांनी फार पूर्वी लिहिली होती. आता स्मार्टफोन स्वस्त झाले होते, हमालापासून हवालदारापर्यंत सगळ्यांच्या खिशात आले होते, आणि सरांना ती फोनवर न्यायची होती. इथेच खरी मेख होती. फोनच्या आत प्रोसेसर असतो, आणि सगळ्या फोनांचे प्रोसेसर एका जातीचे नसतात. एकाला जे कळतं ते दुसऱ्याला कळत नाही. लिहायचं एकदाच, पण बांधायचं प्रत्येक जातीसाठी वेगळं. तेव्हा चार जाती होत्या: फोनांची जुनी आणि नवी अशा दोन, एक कॉम्प्युटरची, जी काही थोड्या फोनांत शिरली होती, आणि एक कुठल्याशा स्वस्त टॅब्लेटची. म्हणून चार फोल्डर, आणि चारही फोल्डरांत एकाच नावाची फाइल. फोन आपल्या जातीचा फोल्डर शोधतो आणि तेवढीच उचलतो.

हे मी एकदा बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "येकच काम चार येला करतंस? पगार पन चार येला देतात काय?"

"काम एकच, बाबा. गाड्या चार आहेत. माल तोच, पण प्रत्येक गाडीला वेगळा बांधायला लागतो."

"मंग बांदताना ध्यान दे," ते म्हणाले. "आमी बांदलेला माल कंदी सुटला नाय." आणि कोंबड्यांकडे वळले.

आमच्या ऑफिसची एक रीत होती. चारही फोल्डर भरले, बिल्ड म्हणजे ही बांधणी कुठे अडली नाही, की सर खालून पावशेर पेढे मागवायचे. मग लायब्ररी एकदा एम्युलेटरवर चालवून बघायची. एम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडणारा खोटा फोन. खरा फोन ऑफिसात एकच होता आणि तो कायम गिऱ्हाइकाकडे दाखवायला गेलेला असायचा. खोट्या फोनवर चाललं की सर विचारायचे, "आपल्या मशीनवर चालतं ना? झालं तर मग." आणि आम्ही पेढा तोंडात टाकायचो. तो खोटा फोन कॉम्प्युटरच्याच जातीच्या प्रोसेसरवर चालतो, खिशातले खरे फोन बहुतेक दुसऱ्या जातीचे, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण पेढा तोंडात असताना असल्या गोष्टी आठवत नाहीत.

बाबांचा आवाज साठवून ठेवायचा हे माझ्या डोक्यात आलं ते स्कूटरवर. लायब्ररी तयारच होती. तिच्याभोवती एक साधं अ‍ॅप करायचं: पडद्यावर वाक्य दिसेल, बाबा ते बोलतील, ते थांबले की लायब्ररी स्वतःच रेकॉर्डिंग बंद करेल आणि वाक्य साठेल. ऑपरेशननंतर बटण दाबलं की फोन त्यांच्या आवाजात बोलेल. ऑफिसात बसून मी वाक्यं लिहिली आणि चांगली काळजीपूर्वक लिहिली. मला पाणी हवं आहे. मला वेदना होत आहेत. कृपया पंखा लावा. कोण आले आहे? दाबून बघितलं, एम्युलेटरवर माझाच आवाज लख्ख वाजला, मधल्या जागा सुबक कापल्या गेल्या. मी अ‍ॅप बाबांच्या फोनवर टाकलं, आईला शिकवलं आणि रिलीजसाठी ऑफिसात पळाले.

मग रोज मी यायच्या आधीच्या तासाभरात, आई फोन धरायची आणि बाबा बोलायचे. संध्याकाळी आले की मी विचारायचे, "किती झालं?" आई म्हणायची, "चाललंय." दोघंही माझ्याकडे बघून असं हसायचे की मला वाटायचं यांनी काहीच केलेलं नाही. फोन बघितला तर फाइली वाढलेल्या असायच्या, तेवढं समाधान.

एके दिवशी आई म्हणाली, "फोन भरला म्हनतो गो."

"एवढ्यात कसा भरेल? दहा वाक्यांचं काय वजन असतं?" मी चिडले. रिकाम्या जागा कापलेला आवाज तो, त्याला जागा लागणार किती? उघडून बघितलं तर बाबांच्या फोनवर कोळीगीतं आणि हळदीचे व्हिडिओ ठासून भरलेले. मी एका दमात सगळे पुसून टाकले. बाबा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. ज्याचे बोलण्याचे दिवस बोटांवर मोजायचे, त्याने त्यातला एक अख्खा दिवस रुसण्यात घालवला. याचाही मला रागच आला.

साठवलेलं एकदा ऐकून बघू म्हणून मी हात पुढे केला, तर आईने फोन पदराखाली घेतला. "ऑपरेशनच्या आदी लावाचा नाय."

"अगं, नीट झालंय की नाही ते तरी बघू दे."

"जित्या मानसाचा आवाज आसा पेटीतनं ऐकाचा नाय. जित्या मानसाच्या फोटूला हार घालतंस का तू?"

बाबा खाटेवरून मला म्हणाले, "आयकत नाय ती. नको लावू." त्यांनाही ते नको होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मी वाद घातला असता. पण खोट्या फोनवर सगळं चाललं होतं, चारही फोल्डर भरलेले होते, आणि आईशी वाद घालून आजवर आमच्या घरात कुणी जिंकलेलं नाही. म्हणून मी फोन आईकडेच राहू दिला.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले होते तस्संच.

बाबांना घरी आणलं त्या दिवशी आईने सकाळीच फोन देवासमोर ठेवला होता. बाबा खाटेवर उशीला टेकून बसले, मानेवर जाळीचा पांढरा रुमाल. दवाखान्यात ते टाळी वाजवून बोलवायचे. लिहायला पाटी दिली होती, पण त्यांनी तिच्यावर फक्त एकदा 'बिडी' असं लिहिलं आणि आईने ती काढून घेतली. आता आईने फोन आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. मी पाण्याचं बटण दाखवलं. बाबांनी अंगठ्याने ते दाबलं.

पत्र्यावर खडी ओतावी तशी खरखर बाहेर आली. तिच्या आत कुठेतरी माणूस बोलत असावा असं वाटत होतं, पण शब्द एकही नाही. बाबांनी मान तिरकी करून ऐकलं. दुसरं बटण दाबलं. खरखर. तिसरं दाबलं. मग त्यांनी फोन गोधडीवर पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

आई माझ्या मागे स्वयंपाकघरात आली. "मी बरोबर धरला होता गो. आडवा नाय धरला. तू सांगलंस तसा उबा धरला होता."

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणाले. पण ते अशा आवाजात म्हणाले की तिला नक्की वाटलं असणार, आपलंच चुकलं.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते चालतानाचे. घरात चालत होते, अंगणात चालत होते, ऑफिसात खिडकी ते दार. शेजारच्या मुलाच्या फोनवर फाइल टाकली. खरखर. मावशीच्या सुनेच्या फोनवर टाकली. खरखर. कॉम्प्युटरवरचं दुसरं कुठलं सॉफ्टवेअर ती फाइल उघडेना, कारण आवाज साठवायची पद्धत सरांची घरगुती, जगात दुसऱ्या कुणाला ती माहीत नाही. प्रत्येक फोनवर खरखर म्हणजे साठवतानाच बिघडलं, असा हिशेब मी मांडला. आणि साठवतानाच बिघडलं असेल तर संपलं. पुन्हा बोलायला गळा कुठे होता? मला भीती वाटत होती, आणि मला भीती वाटली की मी चिडते. रिक्षावाल्याशी भांडले, दूधवाल्याशी भांडले. घरी खाटेवरून टाळी ऐकू आली की माझ्या अंगावर काटा यायचा. पाण्याला एक टाळी, आईला दोन. मला टाळीच नव्हती, कारण मी घरी नसायचेच.

सरांना मी सगळं सांगितलं ते आठवडा उलटल्यावर, तेही त्यांनी विचारलं म्हणून. त्यांनी चष्मा पुसला, विचार केला, आणि म्हणाले, "आपल्या मशीनवर चालतं का?"

माझा पारा चढला. "सर, माझ्या वडिलांचा आवाज गेलाय आणि तुम्ही तेच तुणतुणं वाजवताय! तिन्ही फोनांवर खरखर येते. आपल्या मशीनवर चालून करायचं काय? आपल्या मशीनच्या नावाने आपण पेढे खात बसलो, म्हणून तर हे झालं."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते तसे कधीच ओरडत नाहीत, हा त्यांचा दोष आहे. मी त्यांचं तोंड बंद करायचं म्हणूनच फाइल एम्युलेटरवर टाकली आणि बटण दाबलं. हे बघा, म्हणायला तोंडही उघडलं होतं.

"मला. पाणी. हवं. आहे."

बाबांचा आवाज, स्वच्छ. खालच्या दुकानात कढईत झारा वाजत होता तोही ऐकू येणार नाही इतका मोठा.

मी खुर्चीवर बसले. पाय हलत होता की नाही, आठवत नाही. सर माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी लायब्ररी उघडली आणि आवाज वाचणारी ओळ शोधली. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. "ही मी लिहिली तेव्हा फोनला वायर असायची," ते म्हणाले.

गोष्ट एका शब्दाची होती. आवाजाचे आकडे शून्याच्या वर जातात आणि खाली जातात. खालचे आकडे उणे. कॉम्प्युटरच्या जातीचा प्रोसेसर ते न सांगता उणे धरतो. फोनांच्या जातीचा प्रोसेसर, तुम्ही वेगळं बजावून सांगितलं नाहीत, तर उणे धरतच नाही. त्याला तो खूप मोठा आकडा वाटतो. ते बजावून सांगणारा शब्द सरांनी लिहिला नव्हता, कारण त्यांच्या मशीनला त्याची गरजच नव्हती. नंतर तीच ओळ आम्ही चार फोल्डरांसाठी चारदा बांधली आणि चारदा आम्हाला ती दिसली नाही. साठवलेले आकडे मात्र जसेच्या तसे होते. फोन त्यांचा अर्थ चुकीचा लावत होता, एवढंच. बाबांचा आवाज फाइलीत सुखरूप होता.

मी रडले. सरांनी खिशातून रुमाल काढला, तो मळका निघाला, परत ठेवला.

पण आवाज थांबला नव्हता. वाक्य संपलं होतं आणि फाइल पुढे चालूच होती. माझ्या लक्षात आधी एवढंच आलं: रिकामी जागा कापली गेली नाही! मग सरांनीच सांगितलं. शांतता म्हणजे शून्याच्या आसपासचे बारीक आकडे, थोडे वर, थोडे खाली. खालचे फोनला प्रचंड मोठे दिसले. शांतताच त्याला गोंगाट वाटली, म्हणून त्याने एकही जागा कापली नाही आणि वाक्य संपल्यावर रेकॉर्डिंगही बंद केलं नाही. म्हणून तर फोन भरला होता, आणि मी बाबांची गाणी पुसली होती.

पडद्यावरच्या खोट्या फोनमधून आमचं घर ऐकू येत होतं. पंख्याची कुरकुर. कोंबडीचं अंडं घातल्याचं कौतुक. मग बाबांचा आवाज, पण दुसरा, तो वाचतानाचा घट्ट आवळलेला नव्हे:

"झाला काय?"

"झाला. पुडचा बोला," आई.

"ही काय भाषा लिवलीय गो पोरीनं? मला पाणी हवं आहे. पानी मांगताना कोन आसा बोलतं? तवर मानूस मरल."

आई हसत होती. आई इतकी हसते, हे मला माहीत नव्हतं.

"मंग कसा मांगाल?"

"मना पानी दे गो. बस."

सर हळूच उठले, दार ओढून खाली गेले. मी ऐकत बसले. मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य बाबांनी शाळेतल्या पोरासारखं, छाती काढून, शब्द मोजून म्हटलं होतं, आणि प्रत्येकानंतर माझी यथेच्छ टिंगल केली होती. कृपया पंखा लावा. "किरपया! पंख्याला पन किरपया!" कोण आले आहे? "कोन रं तो? आसा बोलाचा. तवाच समोरचा घाबरल." त्या शुद्ध वाक्यांत माझे बाबा नव्हतेच. ते सगळे मधल्या जागांत होते. माझी लायब्ररी नीट चालली असती, तर पहिल्याच शांततेला थांबून तिने नेमके तेच कापून टाकले असते आणि मी पेढा खाल्ला असता.

मला वेदना होत आहेत, यानंतर बाबा हसले नाहीत. पंखा कुरकुरत राहिला. मग आईने विचारलं, "खरंच दुकतं काय वो?"

"जाम दुकतं. बायला सांगू नको. ती धावत सुटल. आदीच तिच्या पायाला भिंगरी हाय."

"सांगाला ती घरान आसते कवा?"

"आसूं दे. काम करते ती. चार-चार येला करते."

तिथे मी फाइल थांबवली. खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर लोक जिलेबी घेत होते. मग परत येऊन बसले आणि उरलेलं सगळं ऐकलं, कारण आता एकही जागा चुकवायची हिंमत नव्हती.

सर वर आले तेव्हा मी तो एक शब्द लिहून चारही बिल्ड लावले होते. सर म्हणाले, "आता कटर नीट चालेल. तुझ्या फाइलींवर एकदा फिरवूया का? निम्म्या होतील."

"हात लावायचा नाही," मी म्हणाले. ओरडलेच बहुतेक. सरांनी दोन्ही हात वर केले. त्या दिवशी पेढे मागवले ते मावशीच्या सुनेच्या फोनवर आवाज लख्ख वाजल्यावर. त्यानंतर ऑफिसात तीच रीत पडली. ज्या जातीसाठी बांधलं त्या जातीचा खरा फोन हातात घेऊन ऐकल्याशिवाय पेढे नाहीत. खरे फोन जमवता जमवता सरांचा जीव मेटाकुटीला आला, पण रीत मोडली नाही.

घरचं अ‍ॅप मी नव्याने केलं. शुद्ध वाक्यं सगळी काढली. मधल्या जागांतून एकेक बोलणं उचललं आणि बटणांवर शब्दांऐवजी चित्रं टाकली. ज्यात बाबा 'जाम दुकतं' म्हणाले त्या जागेचं बटण मी केलं नाही. ते जसं होतं तसं फाइलीतच राहू दिलं. बाबांना ते मी ऐकल्याचं आजवर सांगितलेलं नाही. दुखण्याच्या गोळ्या मात्र त्या दिवसापासून मी स्वतः देऊ लागले, न विचारता.

पहिल्यांदा त्यांच्या हातात फोन दिला तेव्हा त्यांनी तो घेतलाच नाही. एकदा फसलेला माणूस तो. मीच तांब्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

"मना पानी दे गो."

स्वयंपाकघरात आईच्या हातातून काहीतरी पडलं. ती पाणी घेऊन आली ते पदराने डोळे पुसतच. बाबांनी पाण्याला हात लावला नाही, पुन्हा बटण दाबलं. आईने दुसरा पेला आणला. पुन्हा दाबलं. तिसरा आला तेव्हा बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं त्रास होतोय, मी उठून उभी राहिले. ते हसत होते. आवाजाशिवाय माणूस इतकं हसू शकतो, हे मी तेव्हा बघितलं. आईने तिसरा पेला स्वतःच पिऊन टाकला.

मग त्यांनी कोंबडीचं चित्र दाबलं. वरच्या गॅलरीत एक बाई येऊन उभी राहिली.

याला आता बरीच वर्षं झाली. बाबांचे फोन बदलत गेले. बत्तीस बिटांचे प्रोसेसर जाऊन चौसष्ट बिटांचे आले, चारातल्या दोन जाती बाजारातून उठून गेल्या, पाचवी आली. दर नव्या फोनच्या वेळी मी पुन्हा खिडकी ते दार चालते. एकदा तर अ‍ॅपमध्ये घेतलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी लायब्ररीची एकच फाइल चौसष्टच्या फोल्डरमध्ये शिरली. फोनने तो फोल्डर बघितला आणि आमची लायब्ररीही तिथेच असणार असं गृहीत धरलं. ती नव्हती, आणि बाबा दोन दिवस मुके झाले. मी पुन्हा बांधलं. मी पुन्हा पुन्हा बांधत असते. कुणी विचारलं की तुमचं काम नक्की काय, तर मी सांगते लायब्ररीत आहे, आणि पुढचं बोलणं टाळते.

एक बटण मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, ठेवावं की नाही असं करत करत. त्या दिवसांत जवळपास रोजच्या शेवटच्या फाइलीचा शेवट एकच होता. लांबून माझी जुनी स्कूटर यायची, जिचा सायलेन्सर फुटका होता आणि जी मी पुढे विकून टाकली. फाटकाची कडी वाजायची. मग बाबांचा आवाज, घाईघाईत, चोरी पकडली जाऊ नये तसा: "बाय आली गो. चा टाक. बंद कर ते." आणि फाइल संपायची. मी आत येऊन 'किती झालं' विचारायचे ते याच्या पुढच्या क्षणाला.

त्यावर चित्र कपाचं आहे. माझी नवी गाडी विजेची, तिला आवाज नाही, पण बाबा ओट्यावर बसलेले असतात आणि मी वळणावर दिसले की अंगठा टेकवतात. मी फाटकापाशी पोचते तेव्हा घरात माझी फुटकी स्कूटर आधीच येऊन थांबत असते, कडी वाजत असते.

"बाय आली गो. चा टाक."

आणि आतून आई दर वेळी त्यांना उत्तर देते, "टाकलाय वो, टाकलाय."